बहिऱ्या आजीचा एकच शब्द

मी बहिरी झाले ती एका मंगळवारी, जेवणाच्या जरा आधी. सकाळी मला सगळं धड ऐकू येत होतं. कोंबडा, नदी, सुनेचं पुटपुटणं, सगळं. दुपारी पोरानं मला बहिरी करून टाकलं.

त्या दिवशी गावातल्या स्पॅनिशच्या शाळेतून पिएदादबाई आल्या होत्या. ही शाळा परदेशी लोकांना आमच्यासारख्यांच्या घरी आणून ठेवते. त्यांनी जंगलात राहायचं, धबधब्याखाली भिजायचं, रबरी होडीतून नदीत उड्या मारायच्या आणि रात्री घरच्यांशी गप्पा मारत मारत स्पॅनिश शिकायचं, असा सगळा मामला. पैसे त्यांचे, डास आमचे. माझा वेनान्सिओ त्यांच्या होड्या चालवतो आणि सून क्लेलिया त्यांना रांधून घालते.

पिएदादबाई ओसरीवर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "वेनान्सिओ, तुमच्याकडून गेलेल्या मुलीनं तक्रार केलीये. म्हणे जेवताना तुम्ही आपसात तुमच्या किच्वा भाषेतच बोलत बसता. ती बिचारी नुसती ताटाकडे बघत जेवायची. अहो, लोक आमच्याकडे स्पॅनिश शिकायला येतात!"

"आता नाही होणार तसं, बाई."

"तुमचं ठीक आहे. आणि या? यांना येतं का स्पॅनिश?"

या म्हणजे मी. चुलीपाशी बसून युकाचे कंद सोलत होते. वेनान्सिओनं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि मग छपराकडे बघितलं. लहानपणापासून हा खोटं बोलायच्या आधी छपराकडे बघतो.

"आईला ना, बाई, ऐकूच येत नाही. ठार बहिरी आहे."

माझ्या हातात सुरी होती, हे त्यानं बघितलं नसावं. पिएदादबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि कानाशी ओरडल्या, "कशा आहात आजी?" मी सोलत राहिले. काय करणार? मान वर केली असती तर पोरगा गेला असता.

गेला असता म्हणजे तेलाच्या कंपनीत. पूर्वी तो तिथेच होता, खूप आत, जिथे रात्रंदिवस आगीचे लोळ जळत असतात. आठवडेच्या आठवडे यायचा नाही. यायचा तेव्हा डोळे पिवळे, आणि त्याची स्वतःची मुलगी त्याला बघून माझ्या झग्यामागे लपायची. पाहुणे यायला लागले आणि माझा पोरगा घरी राहिला. शाळेनं आमचं घर सोडलं की त्यानं परत तिकडे जायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची तिकडची पिशवी अजून खुंटीला लटकत होती. क्लेलिया ती काढू देत नव्हती, म्हणायची, काढली आणि परत लागली तर अपशकुन होईल.

आणि खरं सांगायचं तर मला स्पॅनिश कळतं. न कळून जाईल कुठे? लहानपणी मला नन्सच्या शाळेत टाकलं होतं. तोंडातून किच्वा शब्द निघाला की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसायचं. तिथे पहिल्यांदा शिकवलं ते "सी, सेन्योरा", म्हणजे होय बाई. त्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा मी जमिनीवर थुंकले आणि ठरवलं, ही भाषा परत या तोंडात नाही. वेनान्सिओला हे माहीत आहे. म्हणून त्यानं "आई, जरा स्पॅनिश बोल" असं म्हटलं नाही, बहिरी आहे असं सांगितलं. त्यातल्या त्यात माझा मानच राखला म्हणायचा! पण राग यायचा तो आलाच.

बहिरं होणं सोपं वाटतं. करून बघा. मागे भांडं पडलं तरी दचकायचं नाही. कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पहाट. आमच्याकडे पहाटे ग्वायुसाची पानं उकळतात, सगळे चुलीभोवती बसून तो काढा पितात आणि रात्रीची स्वप्नं सांगतात. कुणाच्या स्वप्नाचा अर्थ काय, ते घरातलं म्हातारं माणूस सांगतं. नदीवर जायचं की नाही हे माझा नवरा माझ्या स्वप्नावर ठरवायचा, आणि वेनान्सिओही. आता बांबूच्या भिंतीपलीकडे पाहुणा झोपलेला. मग कसली स्वप्नं आणि कसलं काय! तोंडात मूग धरून काढा प्यायचा. माझी स्वप्नं साठत चालली. मी मळ्यात जाऊन ती युकाच्या झाडांना सांगायचे, मोठ्यानं. त्यांना बोलणं आवडतं. त्या वर्षी कंद मांडीएवढे झाले होते.

मग यित्का आली.

यित्का चेक देशातली. उंच इतकी की आमच्या दारात रोज कपाळ आपटायची आणि रोज दाराची माफी मागायची. वाईट नव्हती, उलट चांगलीच होती, आणि तोच तर वैताग. दिसेल त्या वस्तूचं नाव विचारायची, न सांगता भांडी घासायची, आणि घासताना क्रियापदं म्हणायची, "आमो, आमास, आमा." मी प्रेम करते, तू प्रेम करतोस, ती प्रेम करते. स्पॅनिशच्या पुस्तकात म्हणे सुरुवातीलाच प्रेम असतं. आमच्या वेळी सुरुवातीला गुडघे असायचे.

एके दिवशी ओसरीच्या खांबावर एक केसाळ सुरवंट बसला होता. दिसायला कापसासारखा मऊ. हात लागला की माणूस दिवसभर तापानं किंचाळतं. यित्कानं "किती गोड!" असं म्हणून बोट पुढे केलं आणि मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमा!"

आमच्या किच्वात आमा म्हणजे नको. करू नको, जाऊ नको, हात लावू नको. आमच्याकडे रांगणारं मूल आईच्याही आधी हा शब्द ओळखतं.

यित्कानं हात मागे घेतला. माझ्याकडे वळली, आणि बघते तर तिचे डोळे भरलेले.

जेवताना तिनं बॉम्ब टाकला. "आजी बोलल्या! माझ्याशी! म्हणाल्या, आमा!"

क्लेलियाचा डाव हवेतच थांबला. "काय म्हणाल्या?"

"आमा! ती प्रेम करते! आजी प्रेम करतात!" यित्कानं छातीवर हात ठेवला.

वेनान्सिओनं छपराकडे बघितलं. तो तरी काय सांगणार? आई किच्वात बोलली असं म्हणाला तर किच्वाही उघडी पडणार आणि कानही. "हो ना," तो म्हणाला. "कान गेले, बोलणं गेलं, पण तेवढा एक शब्द राहिलाय तिच्याकडे. प्रेमाचा." क्लेलिया पाणी आणायच्या निमित्तानं मागे गेली. फटीतून मला तिचे गदगदणारे खांदे दिसत होते. हस बाई, तुझं काय जातंय!

त्या दिवसापासून माझ्या पाठीमागे शुक्लकाष्ठ लागलं. सकाळी उठले की यित्का समोर, "आमा, आजी!" मी काढ्याची वाटी उचलली की "आमा!" बसले की "आमा!" परसाकडे निघाले तरी लांबून हात हलवून "आमा, आजी, आमा!" बसू नको, पिऊ नको, जाऊ नको! हे घर मी आणि नवऱ्यानं पानावर पान रचून शाकारलेलं. त्याच घरात एक परकी पोर मला दिवसभर नको-नको म्हणत होती, तेही तोंडभर हसून, आणि मी परत हसायचं. बोलायला बंदी होतीच, आता उठण्याबसण्यालाही झाली.

मी वेनान्सिओला मळ्यात गाठलं. "तिला सांग काहीतरी. मला वेड लागेल."

"काय सांगू, आई? तूच सांग."

"मग मला पुरूनच टाक. बहिरी तर आहेच, मेली म्हणून सांग."

"थोडे दिवस गं. ती गेली की..."

"ती गेली की दुसरी येईल. मी काय आता मरेपर्यंत युकाशीच बोलायचं?"

माझ्या पाटीतले कंद त्यानं आपल्या पाटीत घेतले आणि पुढे चालायला लागला. त्याची पाठ बघून माझा राग विरघळला. ही पाठ इथे, माझ्यासमोर होती. तेवढ्यासाठी तर सगळं चाललं होतं.

पिएदादबाई यायच्या होत्या त्या दिवशीची गोष्ट. वेनान्सिओ दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन वरच्या अंगाला होडीवर गेला होता. क्लेलिया बाईंना आणायला रस्त्यापर्यंत गेली होती. मी काठावर कंद धूत बसले होते. आमच्या इथे नदीच्या मधोमध गोट्यांचं एक बेट आहे. तिथे जायला घोट्याएवढं पाणी ओलांडावं लागतं. यित्का पुस्तक घेऊन तिथे जाऊन बसली होती, माझ्याकडे पाठ करून.

आमच्या डोक्यावर ऊन होतं. पण डोंगराकडे काळं झालं होतं. आधी वास आला, चिखलाचा आणि ओरबाडलेल्या पानांचा. मग पाण्यावर फेस दिसला. मग तळाचे गोटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज, जो एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. माझा दीर असाच गेला होता.

मी हाका मारल्या. ती वळेना. मी गोटे फेकले. एक तिच्याजवळ पडला तेव्हा कुठे तिनं मागे बघितलं, पण तोवर मधलं पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि ओढ धरली होती. बेटाच्या टोकाला एक मोठा काळा खडक आहे. पूर कितीही आला तरी त्याचा माथा बुडत नाही. तिनं त्यावर चढून बसायला हवं होतं. पण तिनं पुस्तक पिशवीत कोंबलं, पिशवी पाठीला लावली आणि माझ्याकडे यायला पाण्यात पाय घातला.

"आमा!" मी ओरडले.

ती हसली. घाबरली होती तरी हसली. छातीवर हात ठेवून ओरडली, "आमा, आजी!" आणि दुसरा पाय टाकला.

"आमा! आमा!"

मी जितकी ओरडत होते तितकी ती जोरानं येत होती. पलीकडे आपल्यावर जीव लावणारी म्हातारी उभी आहे, हात पसरून बोलावते आहे, असं तिला दिसत होतं. पाणी कमरेला लागलं. एक अख्खं झाड मुळांसकट तिच्यामागून वाहत गेलं. माझ्याच शब्दानं मी पोरीला मारत होते. मला दुसरा शब्द माहीत होता. स्पॅनिशमध्ये नकोला "नो" म्हणतात, एवढासा तो शब्द, पण जीभ लाकडासारखी पडली होती. खोटं नाही सांगत, माझे गुडघे दुखायला लागले, जिथे मक्याचे दाणे रुतायचे तिथेच.

आणि मग तो आवाज आला. निघाला माझ्याच तोंडून, पण माझा नव्हता तो, माझ्या शाळेतल्या नन बाईंचा होता.

"नो! क्येता!"

नको! हलू नको! यित्का जागच्या जागी थिजली.

"मागे फिर! वर! वर चढ! दगडावर! हात धर! गुडघे टेक! गुडघे!" माझ्याकडचं स्पॅनिश म्हणजे सगळे हुकूमच. जेवढे त्यांनी माझ्यावर ओरडले होते तेवढे मी तिच्यावर ओरडले. आणि आम्ही मुली जशा ऐकायचो तशीच तीही ऐकत गेली. मागे वळली, पडली, उठली, रांगत खडकावर चढली आणि खरोखर गुडघे टेकून बसली. थोड्या वेळात बेट नाहीसं झालं. तो खडक, ती आणि चारी बाजूंनी तांबडं पाणी.

आता वाट बघणं आलं. ती तिथे अडकलेली, मी इथे. ती रडत होती. मधेच उठून पाण्याचा अंदाज घ्यायची, आणि माझा जीव टांगणीला लागायचा. तिला धरून ठेवायला माझ्याकडे दोरी नव्हती, फक्त आवाज होता. म्हणून मी बोलत राहिले. हुकूम लवकरच संपले. मग प्रार्थना म्हटल्या, मग पाढे. तेही संपल्यावर मी सरळ किच्वात शिरले आणि साठलेली सगळी स्वप्नं तिला सांगून टाकली. तिला एक अक्षर कळलं नाही. पण ती बसून राहिली, माझ्या तोंडाकडे बघत.

मधेच ती ओरडली, "आजी! तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं! तुझ्यापेक्षा जास्त येतं!"

"मग आमा? आमा म्हणजे?"

"आमा म्हणजे नको! आमच्या भाषेत! नको!"

लांबूनही दिसत होतं, ती मनातल्या मनात एकेक सकाळ आठवत होती. "म्हणजे मी तुम्हाला रोज..."

"रोज! उठता-बसता! काढासुद्धा सुखानं पिऊ दिला नाहीस, भवाने!"

हे शेवटचं मी किच्वात म्हणाले, पण तिला बरोबर कळलं. खडकावर बसून ती रडता रडता हसायला लागली आणि मला पण हसू आवरेना. किती दिवसांनी मी मोठ्यानं हसले होते!

वेनान्सिओ पुरावरूनच आला. पाहुण्यांना वरच काठावर उतरवून एकटा होडी घेऊन आला होता. त्यानं खडकाला कसा दोर टाकला आणि तिला कसं ओढून घेतलं, ते मी नीट बघितलंच नाही. डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती दोघं काठावर होती, आणि माझ्या मागे क्लेलिया आणि पिएदादबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे!

"वेनान्सिओ," पिएदादबाई म्हणाल्या, "या तर बहिऱ्या होत्या ना?"

काठावर छप्पर नव्हतं. त्यानं आभाळाकडे बघितलं.

"धक्क्यानं कान उघडले असतील, बाई," क्लेलिया घाईघाईनं म्हणाली.

पिएदादबाई काही दूधखुळ्या नाहीत. त्यांनी आमच्या एकेकाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. पण त्या माझ्याजवळ आल्या आणि हसल्या. "काय स्वच्छ स्पॅनिश हो तुमचं! अगदी जुन्या वळणाचं. माझी आजी असं बोलायची. आणि तुम्ही ते चुलीमागे लपवून ठेवलंत?" मग वेनान्सिओकडे वळल्या. "हे बघा, खोटं बोललात ते मला वर सांगावं लागेल, आणि मग हे घर बंद. नाहीतर असं करू. उद्यापासून आजी पाहुण्यांशी बोलतील. जेवताना, आणि पहाटेही. तुमचा तो काढा असतो ना, स्वप्नं सांगायचा? पाहुण्यांना फार आवडेल. फक्त स्पॅनिशमध्ये सांगायची. काय आजी, चालेल ना?"

स्वप्नं. स्पॅनिशमध्ये. मला वाटलं परत गुडघे टेकवले.

वेनान्सिओच्या अंगावरून पाणी निथळत होतं. या वेळी तो वर बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता. "आई, तुझं तू ठरव," तो किच्वात म्हणाला, बाईंच्या देखत. माझ्या डोळ्यांसमोर त्याची खुंटीवरची पिशवी आली.

यित्का टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. "आमा, आजी," ती हळूच म्हणाली. "आमा."

"बघा, बघा, किती जीव लावलाय पोरीनं!" पिएदादबाईंनी हात जोडले.

तिनं तो शब्द पहिल्यांदा बरोबर म्हटला होता. तिथे तो फक्त आम्हा किच्वा लोकांना कळला, आणि आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. नको आजी, करू नका हे. आजवर मला नको म्हणणारे खूप भेटले, पण माझ्यासाठी नको म्हणणारी ही पहिलीच. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी पोराच्या पायांकडे बघितलं.

"सी, सेन्योरा," मी म्हणाले.

यित्का गेली. तिच्यानंतर पुष्कळ आले. पिशवी खुंटीवरून खाली आली, क्लेलियानं तिच्यात कांदे भरले. वेनान्सिओ घरी आहे. पहाटे ग्वायुसा उकळतो, पाहुणे डोळे चोळत चुलीभोवती बसतात आणि मी त्यांना स्वप्नं सांगते, नन्सच्या स्पॅनिशमध्ये, हळूहळू, कळेल असं. वाघ, पोपट, उडणारी होडी. पाहुणे माना डोलावतात. सगळी मनानं रचलेली. खरी मी अजून मळ्यातच सांगते.

वेनान्सिओ माझ्या तोंडाकडे बघत बसतो. आज नदीवर जाऊ का, हे त्याला या वाघ-पोपटांतून कळत नाही. म्हणून ज्या रात्री मला खरंच वाईट स्वप्न पडतं, त्या सकाळी तो वल्हं घेऊन निघाला की मी दारात उभी राहते आणि म्हणते, "आमा."

पाहुण्यांना हा शब्द, आजीचा प्रेमाचा शब्द म्हणून, शाळेतच सांगून ठेवलेला असतो. ते खूश होतात, टाळ्या वाजवतात. वेनान्सिओ थांबतो. त्याला बरोबर कळलेलं असतं. तो माझ्याकडे बघतो, मग अंगणात फुगीर जाकिटं घालून उभ्या असलेल्या त्या लोकांकडे बघतो, आणि त्यांना घेऊन नदीकडे निघतो.